समुद्राचें मीठ आणि आपला पाऊस

प्रवरा नदी अकोले तालुक्यांत रतनगडाच्या परिसरांत उगम पावते, नेवासें तालुक्यांत प्रवरासंगमाजवळ गोदावरीस मिळते, आणि तिचें पाणी अखेर बंगालच्या उपसागरांत जातें. सीना व भीमा यांचेंही तेंच. म्हणजे आपल्या जिल्ह्यावर पडणारें पाणी बहुतेक सारें पूर्वसमुद्रास मिळतें. तेथें त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न विद्यार्थ्यांस क्वचितच सुचतो. परंतु अवर्षणाचा विचार करणाऱ्यांस तो टाळतां येत नाहीं.

समुद्राच्या १००० भाग पाण्यांत सरासरीनें ३५ भाग क्षार असतात. अरबी समुद्रांत बाष्पीभवन फार व गोड्या पाण्याची भर थोडी, म्हणून तेथें हें प्रमाण ३६ च्या वर जातें. उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी अशा महानद्या येऊन पडतात. त्यामुळें त्याच्या उत्तर भागीं पावसाळ्याच्या अखेरीस तें कित्येक ठिकाणीं ३० च्याही खालीं उतरतें.

आतां घरीं एक प्रयोग करून पाहावा. पेल्यांत मिठाचें दाट पाणी घेऊन, शाईनें रंगविलेलें गोडें पाणी चमच्याच्या पाठीवरून हलकेंच त्यावर सोडावें. तें वरच राहील; फुंकर घातली तरी सहजासहजीं खालीं मिसळणार नाहीं. उपसागरांत हेंच घडतें. वरचा थर हलका असल्यामुळें वारा त्यास खालच्या थंड पाण्याशीं मिसळूं शकत नाहीं, उष्णता वरच कोंडून राहते, आणि पावसाळ्यांत तेथें कमी दाबाचीं क्षेत्रें वारंवार निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकतात. घाटमाथा ओलांडतां ओलांडतां अरबी समुद्राचे ढग रिते होतात. मग पूर्वेकडील तालुक्यांस या क्षेत्रांचाच मोठा आधार.

प्रशांत महासागरांत हा खेळ फार मोठ्या प्रमाणावर चालतो. एरवीं पूर्वेचे वारे ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटतात, तेथें विपुल पाऊस पडतो व समुद्राचा पृष्ठभाग कमी खारट होतो. दोन ते सात वर्षांच्या अंतरानें हे वारे मंदावतात. मग ऊन पाणी, पाऊस व त्यांबरोबर गोडसर पाण्याची सीमाही पूर्वेस सरकते. यासच अल निनो म्हणतात. मौज अशी कीं, हें गोडसर पाणी नुसती पावसाची खूण नव्हे. तो पातळ थर लवकर तापतो व वाऱ्यानें सहज ढकलला जातो, म्हणून तें अल निनोस बळही देतें. २००९ पासून उपग्रह आकाशांतून समुद्राची क्षारता मोजूं लागले, आणि तीं मापें हिशेबांत घेतल्यानें भाकितें सुधारतात असें आढळलें आहे.

१८९९ चा पाऊस फसल्यावर सरकारास भाकिताची निकड भासली. १९०४ ते १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनीं हिंदी व प्रशांत महासागरांवरील हवेच्या दाबाचा तराजूसारखा वरखाली होणारा संबंध दाखविला. मिठाचीं सर्वदूर मापें मात्र त्यांच्यापाशीं नव्हतीं. १८९९ प्रमाणें १९७२ हेंही अल निनोचें वर्ष. त्या सालची मिलो ज्वारी, सुकडी व खडी फोडण्याचीं कामें यांविषयीं घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें. पुस्तकांपेक्षां अधिक कळेल.

तथापि अल निनो आला कीं दुष्काळ ठरलेलाच, असें नाहीं. १९९७ सालीं तो अत्यंत प्रबळ असूनही देशांत पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षीं हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमींपेक्षां उष्ण व पूर्व भाग थंड झाला होता, हें त्याचें एक कारण समजतात.