झिजलेले बोल्ट आणि योग्य सॉकेटची निवड

मृग नक्षत्र लागले की गोव्यातील भातशेतीच्या कामाला वेग येतो. पहिल्या पावसाने जमीन भिजताच नांगरणी व चिखलणी उरकावी लागते आणि ही दिवसांची गणिते चुकली तर पुढच्या लावणीचाही मेळ बसत नाही. अशा वेळी पॉवर टिलर शेडमधून बाहेर काढावा, झिजलेली पाती बदलावयास घ्यावी आणि पात्यांचे बोल्टच सुटू नयेत, हा अनुभव अनेक गावांना परिचयाचा आहे. पाना घसरतो, पुन्हा लावला की पुन्हा घसरतो आणि थोड्याच वेळात बोल्टचे षट्कोनी डोके गोल होऊन जाते. काही रुपयांच्या एका बोल्टपायी यंत्र अडून राहते आणि भाड्याने टिलर नेणाऱ्या शेतकऱ्याचाही दिवस वाया जातो.

या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा ताकदीच्या अभावात नसते. ते हत्याराच्या निवडीत असते. बोल्टवर जे कोपरे शिल्लक आहेत, त्यांना अचूक बसणारे हत्यार पहिल्याच प्रयत्नात लावणे, हे या कामाचे मुख्य सूत्र होय. प्रत्येक फसलेला प्रयत्न उरलेल्या पोलादाचा आणखी एक थर खरवडून नेतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील विवेचनाचे महत्त्व सहज पटेल.

कोपरे का झिजतात?

बोल्टचे डोके झिजण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पहिले कारण गंज. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, किनारपट्टीची हवा खारी असते आणि खाजण जमिनीत तर मातीतच मीठ असते. खाजणात काम केलेला टिलर गोड्या पाण्याने न धुता ठेवला, तर त्याच्या बोल्टवर गंजाचे पापुद्रे लवकर धरतात. दुसरे कारण घर्षण. रोटरीच्या पात्यांचे बोल्ट वाळूमिश्रित मातीतून सतत फिरतात. त्यामुळे त्यांच्या डोक्याचे कोपरे कानशीने घासावेत तसे झिजतात. तिसरे कारण मात्र मानवनिर्मित आहे, आणि ते म्हणजे चुकीच्या मापाचा, झिजलेला किंवा जबडा फाकलेला पाना.

चुकीच्या मापाचा प्रश्न आपल्याकडे विशेष गुंतागुंतीचा आहे. भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने अमलात आली. तथापि जुन्या ब्रिटिश धाटणीच्या डिझेल इंजिनांवर इंची व व्हिटवर्थ मापांचे बोल्ट आजही आढळतात. शिवाय मेट्रिक बोल्टमध्येही दोन प्रकार आहेत. एम १२ बोल्टचे डोके जुन्या प्रमाणानुसार १९ मिलिमीटरचे, तर नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १८ मिलिमीटरचे असते. एम १० चे डोके जुने १७ व नवे १६ मिलिमीटरचे. एकाच यंत्रावर कालांतराने दोन्ही प्रकारचे बोल्ट येऊन बसतात. पेटीत १९ चा पाना असतो, बोल्ट १८ चा असतो, आणि ‘थोडा सैल आहे, पण चालेल’ असे म्हणून काम रेटले जाते. हानीला सुरुवात होते ती येथूनच.

दीड मिलिमीटरचा हिशेब

शाळेच्या भूमितीच्या तासाला घेता येईल असा हा हिशेब आहे. नियमित षट्कोनाच्या समोरासमोरील दोन बाजूंमधील अंतराला १.१५५ ने गुणले असता समोरासमोरील दोन कोपऱ्यांमधील अंतर मिळते. १८ मिलिमीटरच्या डोक्याचे कोपऱ्यांमधील अंतर सुमारे २०.८ मिलिमीटर येते. याचा अर्थ प्रत्येक कोपरा सपाट बाजूच्या पातळीपेक्षा केवळ १.४ मिलिमीटर पुढे आलेला असतो. पाना बोल्टला फिरवतो तो एवढ्याशा पोलादाच्या आधाराने.

आता या बोल्टवर १९ चे सॉकेट बसविले तर काय होते ते पाहावे. सॉकेटची भिंत प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर दूर राहते. म्हणजे १.४ पैकी जेमतेम ०.९ मिलिमीटर कोपरा पकडीत येतो. पकडीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वापरापूर्वीच गमावलेला असतो. बोल्ट नवा असेल तर एवढ्यावरही तो सुटेल. परंतु कोपरे एक मिलिमीटर झिजलेले असतील तर १९ चे सॉकेट त्यावर नुसते गरगर फिरेल, आणि १८ चे अचूक सॉकेट मात्र तरीही थोडीफार पकड घेऊ शकेल.

जोराचा हिशेबही असाच बोलका आहे. ४० सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर २० किलो जोर दिला, तर बोल्टच्या मध्यापासून सुमारे १.१ सेंटिमीटर अंतरावरील कोपऱ्यांवर एकूण सुमारे ७२५ किलो जोर येतो. उघड्या तोंडाच्या पान्यात तो प्रामुख्याने दोन कोपऱ्यांवर पडतो, म्हणजे प्रत्येकी ३६० किलोच्या आसपास. षट्कोनी सॉकेटमध्ये तो सहा ठिकाणी वाटला जाऊन प्रत्येकी सुमारे १२० किलो येतो. उघडा पाना का घसरतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

इम्पॅक्ट सॉकेट म्हणजे काय?

कारागीर ज्याला ‘गोटी’ किंवा ‘गोटी पाना’ म्हणतात, तेच सॉकेट होय. त्याचे दोन प्रकार पडतात. हाताने फिरवावयाचे सॉकेट बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे, पातळ भिंतीचे व चकचकीत असते. ते कठीण असते, परंतु ठोक्यांनी तडकू शकते. इम्पॅक्ट सॉकेट म्हणजे आघात सोसणारे सॉकेट. ते बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे, जाड भिंतीचे व काळसर रंगाचे असते. त्याचे पोलाद काहीसे कमी कठीण पण अधिक चिवट ठेवलेले असते. हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन बोल्टला लागोपाठ हातोडीसारखे ठोके देते. हे ठोके सोसण्यासाठीच या सॉकेटची रचना असते. चकचकीत सॉकेट गनवर लावल्यास ते फुटून त्याचे तुकडे डोळ्यांत जाण्याचा धोका असतो. यास्तव तसे कदापि करू नये.

निवडीच्या कसोट्या

झिजलेल्या बोल्टसाठी सॉकेट घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) सहा कोनांचे सॉकेट घ्यावे. बारा कोनांच्या सॉकेटमध्ये खाचा उथळ असतात आणि जोर कोपऱ्याच्या टोकाजवळ पडतो. नव्या बोल्टवर ते सोयीचे असले, तरी झिजलेल्या बोल्टवर ते आधी घसरते.

(२) काही सॉकेटांच्या आतील भिंतींना किंचित बाक दिलेला असतो. त्यामुळे जोर कोपऱ्याच्या टोकावर न पडता बाजूच्या सपाट भागावर सरकतो. कोपरे झिजलेले पण बाजू शाबूत असलेल्या बोल्टसाठी ही रचना उत्तम.

(३) माप अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावे. गंज खरवडून, व्हर्निअर कॅलिपरने तीनही जोड्या मोजाव्यात. झिजलेले डोके मूळ मापापेक्षा लहान भरत असेल, तर एक पायरी लहान सॉकेट ठोकून बसविता येते. येथे इंची मापे उपयोगी पडतात. १३ मिलिमीटरसाठी १/२ इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर; १६ साठी ५/८ इंच, म्हणजे सुमारे १५.९, २४ साठी १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिलिमीटर. मात्र १९ साठी ३/४ इंच घेऊन उपयोग नाही, ते १९.०५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेच भरते.

(४) सॉकेटचे तोंड पाहावे. बोल्टवर सहज बसावे म्हणून तोंडाशी आतून उतार दिलेला असतो. हा उतार मोठा असेल, तर झिजून बुटक्या झालेल्या डोक्यावर प्रत्यक्ष पकड फारच थोडी मिळते. अशा कामासाठी उतार कमी असलेले सॉकेट निवडावे.

(५) लांबी गरजेपुरतीच असावी. बोल्टच्या डोक्यासाठी आखूड सॉकेट घ्यावे, कारण ते कमी कलते. नटातून बोल्टचे टोक बरेच बाहेर आले असेल, तरच लांब सॉकेट लागते.

(६) चौकोनी छिद्राचे माप कामाला साजेसे असावे. पॉवर टिलर व पंपसेटच्या बहुतेक कामांना १/२ इंची सॉकेट पुरेसे होते. जड वाहनांच्या चाकांना ३/४ किंवा १ इंची लागते. मधले जोडदांडे शक्यतो टाळावेत, कारण प्रत्येक जोडात ठोक्याचा काही जोर विरतो.

(७) जुने सॉकेट वापरण्यापूर्वी ते नव्या बोल्टवर बसवून पाहावे. तेथेही ते सैल वाटले, तर दोष सॉकेटचा आहे असे समजावे.

कोपरे उरलेच नसतील तर

डोके पूर्ण गोल झाले असेल तेथे वरील कोणतेही सॉकेट चालत नाही. त्यासाठी आतून पीळदार दाते असलेले, आत निमुळते होत गेलेले सॉकेट मिळते. बोल्ट काढण्याचे हे खास सॉकेट हातोडीने डोक्यावर घट्ट ठोकून बसवावे लागते. ते डावीकडे फिरविले की दाते पोलादात अधिकाधिक रुततात. त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. ते फक्त सोडविण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नव्हे. नेहमीच्या पिळाचे सॉकेट उलट्या आट्यांच्या बोल्टवर निरुपयोगी ठरते. त्याने काढलेला बोल्ट पुन्हा वापरता येत नाही. बोल्ट आत अडकून राहिल्यास मागच्या चौकोनी छिद्रातून पंच घालून ठोकून काढावा. असे सॉकेट गनवर वापरावयाचे असल्यास ते त्यासाठी बनविलेले आहे याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी.

सोडविण्याची रीत

सॉकेट कितीही उत्तम असले, तरी पूर्वतयारीला पर्याय नाही. प्रथम तारेच्या ब्रशने डोके व बाहेर दिसणारे आटे स्वच्छ करावेत. गंज सोडविणारे तेल आट्यांत मुरेल असे घालावे आणि शक्य तर रात्रभर थांबावे. बोल्ट आरपार असून पलीकडे नट असेल, तर दोन्ही बाजू पाहाव्यात; जिचे कोपरे अधिक शाबूत, ती फिरवावी आणि दुसरी रिंग पान्याने धरून ठेवावी. आटे उलटे तर नाहीत ना, हेही तपासावे. काही जड वाहनांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. तेथे नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास ते अधिकच आवळले जातात.

नंतर सॉकेट हातोडीने पूर्ण बसवून, बोल्टच्या रेषेत सरळ धरावे. गन असेल तर एकदम दीर्घ दाब न देता थोडे थोडे ठोके द्यावेत. प्रथम किंचित आवळून मग सोडविल्यास गंजाची पकड तुटण्यास मदत होते. एम ६ व एम ८ सारख्या बारीक बोल्टवर गन वापरणे टाळावे, कारण तेथे डोके घसरण्याऐवजी बोल्टच मोडतो आणि ओतीव लोखंडात अडकलेला तुकडा काढणे हे कित्येक पटींनी कठीण काम होऊन बसते. ज्योतीने तापवावयाचे झाल्यास जवळ डिझेल, तेल अथवा रबरी सील नाही हे पाहावे आणि तेल घातलेल्या जागी ज्योत नेऊ नये. काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा.

नवा बोल्ट बसविताना

जुन्याच्या जागी त्याच ताकदीचा बोल्ट घालावा. डोक्यावरील ८.८ या आकड्यात पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ८०० न्यूटन ताण सोसण्याची क्षमता. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. पात्यांच्या जागी बिनखुणेचा मऊ बोल्ट घातल्यास तो शेतातच तुटेल. आट्यांना ग्रीस लावून बोल्ट बसवावा, मात्र वंगणामुळे तो कमी जोरातही अधिक आवळला जातो, म्हणून हात आवरता ठेवावा. खाजणातून आलेले यंत्र गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, उघड्या बोल्टवर तेलाचा हात फिरवून ठेवावे.

प्रत्येक शेतकऱ्याने ही सर्व हत्यारे विकत घ्यावीत असे नाही. गावातील शेतकरी मंडळाने किंवा सहकारी संस्थेने १० ते २४ मिलिमीटरपर्यंतचा सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेटांचा एक संच, पीळदार दात्यांची चार-पाच सॉकेटे आणि एक व्हर्निअर कॅलिपर एका पेटीत ठेवले, तर वाडीवरील सर्वांची सोय होईल. पेटीच्या झाकणावर गावातील यंत्रांच्या बोल्टची मापे लिहून ठेवावीत; १८ आणि १९ मधील गोंधळ तेवढ्यानेही टळेल. शिक्षकांनी वरिष्ठ वर्गातील मुलांकडून ही मापे घेवविली, तर षट्कोनाचा धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहील आणि गावाला एक उपयुक्त तक्ताही मिळेल. हे काम उन्हाळ्यातच उरकावे, म्हणजे पहिल्या पावसाच्या दिवशी यंत्र शेडमध्ये न अडकता शेतात उभे राहील.