परेड आता तुझ्याकडे

बाळा, तू शक्तिमान ट्रकला इसार दिलास हे कळलं. घरात ट्रॅक्टर असताना हे धूड कशाला, असं तुझी आई विचारेल आणि तुला उत्तर सुचणार नाही. असू दे. आवडलं म्हणून घेतलं, एवढं सांगितलंस तरी पुरे. नगरच्या पोराला लष्करी गाडीचं वेड लागलं यात नवल कसलं? आर्मर्ड कोअरचं केंद्र आपल्याकडे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आपल्याकडे, गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आपल्याकडे. गोळीबाराच्या सरावाला के. के. रेंजकडे निघालेले ताफे बघतच तुम्ही मोठे झालात.

ही गाडी जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनायला लागली. सैन्यात तिच्यामागे ड्रायव्हर, मेकॅनिक, वर्कशॉप, स्टोअर असा मोठा गोतावळा होता. निघण्याआधी तपासणी, थांब्यावर तपासणी, परतल्यावर तपासणी. त्या तपासणीला तिकडे परेडच म्हणतात. तू गाडी घेतोयस, पण गोतावळा छावणीतच राहणार. म्हणून हे लिहून देतो. एका दमात वाचू नकोस, गाडीजवळ बसून वाच.

१. बाकीचे पैसे देण्याआधी लिलावाच्या कागदावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर लोखंडावरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळव, गंज असला तर वायर ब्रशने घासून वाच — लष्कर गाडी 'जिथे आहे, जशी आहे' विकतं, पुढचं सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात.

२. गाडी चालवायला विकली होती की भंगार म्हणून, हे विचार. आणि आरसीवर एमएच १६ नाहीतर १७ असा साधा नागरी नंबर पडलाय का ते बघ — नुसत्या लष्करी कागदावर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्या स्क्रॅपलाच जातात. देशाच्या संरक्षणाच्या कामावरच्या खास गाड्यांना तेवढी सूट आहे. म्हणून 'आत्ताच डेपोतून काढलीय, पासिंग मी करून देतो' म्हणणाऱ्याचा चहा पी, पैसे देऊ नकोस. बिनकागदाची गाडी, अंगणातच म्हातारी.

३. हिरवा रंग तुला आवडतो, ठाऊक आहे मला. तरी तो बदल — केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना देतो. बाणाचा जुना लष्करी नंबर आणि युनिटची खूणही पुसून टाक. तो मान ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू दे.

४. सीटखाली किंवा टूलबॉक्समध्ये ओळखू न येणारी धातूची वस्तू निघाली तर हात लावायचा नाही, पोलिसांना बोलवायचं — रेंजच्या शेजारच्या गावांत भंगाराच्या लोभापायी माणसं गेली आहेत.

५. आता चाक. हा मुद्दा दोनदा वाच, आणि तुझ्या पंक्चरवाल्यालाही वाचून दाखव. काही लष्करी चाकांची रिम दोन भागांची असते आणि ते भाग नटबोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. चाकासमोर उकिडवा बसून बघ, तशी रिम असेल तर नटांची दोन वर्तुळं दिसतील. आतलं वर्तुळ चाकाला हबवर धरतं, बाहेरचं रिमचे दोन भाग एकत्र धरतं. चाक काढताना आतलेच नट सोडायचे — टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सुटले तर रिमचा अर्धा भाग उडून माणसाचा जीव घेतो. बाहेरच्या सगळ्या नटांना लाल रंग दे. ब्रिटिश सैन्यातही तसाच देत. रिम उघडायची वेळ आलीच तर आधी वॉल्व्हची पिन काढ, आणि मग भोकात तार घालून बघ — चिखलाने भोक बुजलं असलं तर हवेचा आवाज थांबतो, हवा मात्र आत तशीच असते.

तुझ्या गाडीला लॉक रिंगची चाकं असतील तरी भीती तीच. हवा भरताना रिमभोवती साखळी गुंडाळायची, नळी लांब घ्यायची आणि रिंगच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. पंक्चरवाला म्हणेल, 'काही होत नाही साहेब.' तू तिथून हलू नकोस, साखळी लावल्याशिवाय हवा भरू देऊ नकोस.

६. फोर बाय फोर डांबरावर लावू नकोस — वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर त्याचा ताण शाफ्ट आणि गियरवर बसतो. पण महिन्यातून एकदा नांगरटीत थोडं अंतर फोर बाय फोर लावून चालव, म्हणजे त्याची जोडणी अडकून बसणार नाही.

७. धुळीच्या रस्त्याने आलास की एअर क्लीनर उघड. जुन्या गाडीत खाली तेलाची वाटी असते. तिच्या तळाला बोट लाव. गाळ लागला तर तेल काढ, वाटी डिझेलने धू आणि नवीन तेल खुणेपर्यंतच घाल — कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर इंजिन ते तेलच ओढून घेतं. पारनेर-पाथर्डीकडच्या उन्हाळ्यात हे काम रोज संध्याकाळचं. धुळीला फट दिसली की ती घर करते.

८. डिझेल संध्याकाळी भरून ठेव — टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतलं पाणी सुटून तळाशी बसतं. दर आठवड्याला फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून बघ. खाली वेगळा थर दिसला तर तो पाण्याचा. निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडत राहा.

९. ग्रीस भरण्याआधी निपल फडक्याने पुसून घे — नाहीतर निपलवरची काळी माती ग्रीसबरोबर थेट किंगपिनमध्ये जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. ग्रीस खाणारी गाडी पैसे खात नाही.

१०. ब्रेक हवेचे असतील तर हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोड. तेलाचे असतील तर डब्यातली पातळी रोज बघ. ओढा ओलांडल्यावर पुढे थोडं अंतर पाय हलकेच ब्रेकवर ठेवून चालव — ओलं लायनिंग धरत नाही, आणि ते ऐन गरजेच्या वेळी कळून उपयोग नसतो. ड्रम उघडलास तर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात बसतं.

११. करंजी घाट असो, आणे घाट असो की माळशेज, उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाक — उतारावर वेग धरल्यावर जुन्या पेटीत गियर पडेलच असं नाही, आणि नुसत्या ब्रेकवर आलास तर ड्रम तापून पाय तळाला जातो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा माझा नातेवाईक नाही. उताराला गियर, चढाला धीर.

१२. ऑइल सील, बेअरिंग खोललंस तर जुनं फेकू नकोस. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो; सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी वहीत लिहून घे — 'शक्तिमानचा सील द्या' म्हटलं की दुकानदार मान हलवतो, पण नुसती मापं सांगितलीस तर नगरला नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत तोच सील दुसऱ्या गाडीच्या नावाने मिळू शकतो. जुन्या गाड्या पार्ट मिळत नाही म्हणून मरतात त्याहून जास्त माप घेतलं नाही म्हणून मरतात, असं माझं पक्कं मत आहे.

१३. बॅटऱ्या दोन असून गाडी २४ व्होल्टची असेल तर दोन्ही एकदमच बदल, आणि टेपसाठी एकाच बॅटरीवरून वायर ओढू नकोस — एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, शेवटी दोन्ही जातात. मेन लाइनला कटऑफ बसव. जुनी वायर उंदराला फार आवडते.

१४. कामाशिवाय उभी असलेली गाडी पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करू नकोस — इंजिन पुरतं तापत नाही आणि जळणातून सुटलेलं पाणी ऑइलमध्येच राहतं. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास नीट रस्त्यावर फिरवून आण.

एखादा रविवार काढून आपल्या नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून ये. १९९४ पासूनचं आहे ते, आणि तिथे रणगाड्यांइतकीच रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडीही बघण्यासारखी आहे. तिथली यंत्रं उभी राहण्यासाठी जपलीत, तुझी चालण्यासाठी जपायची आहे. दोन्हींचं काम वेगळं. उभ्या यंत्राला रंग आणि कोरडी जागा लागते, चालत्याला त्याशिवाय रोज बघणारा माणूस.

१५. निघण्याआधी गाडीला एक फेरी मार, हात लावत. चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, क्रॉसचे बोल्ट, खाली पडलेला ताजा डाग. पोचल्यावर हबला पालथा हात लाव. तीन गार आणि एक गरम असला तर त्या चाकाचं बेअरिंग खराब आहे नाहीतर ब्रेक अडकलाय — हे पोचल्याबरोबरच कळतं, सकाळी चारही गारच लागतात. सुटा बोल्ट आपली जागा सोडतो, मग आपल्याला रस्त्यात सोडतो.

१६. जॅकखाली नेहमी जाड फळी ठेव आणि विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड लाव — आपली काळी माती वरून टणक दिसते आणि वजन पडलं की खचते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, लाकडी ठोकळे लावूनच. कोणी घाई करत असेल तर त्याला चहा आणायला पाठव.

१७. वही घाल. सैन्यात प्रत्येक गाडीची नोंद असते, तशीच तुझी हवी: ऑइल कधी बदललं, कुठला सील, किती डिझेल. मीटर बहुतेक बंदच असेल, तेव्हा डिझेलच्या पावत्या वहीतच चिकटव आणि त्यावरून ऑइलचा हिशेब धर.