फोटो हरवले नाहीत, पत्ता चुकला!

आमच्या हॉस्टेलची वेबसाइट लॅबमधल्या विंडोज मशीनवरून नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवली. मजकूर सगळा नीट आला, पण गड्डा यात्रेचे फोटो गायब! सात नंदीध्वजांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. जुनं मशीन सोमवारी फॉरमॅट होणार होतं आणि फोटोंची दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती. म्हणून सगळ्यात आधी पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि मग शोध सुरू केला.

वेबपेजच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा फोटो नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर जाऊन ब्राउझर फोटो मागतो. म्हणून रिकाम्या चौकोनावर राइट क्लिक करा, तो नव्या टॅबमध्ये उघडा आणि सर्व्हर काय म्हणतो ते बघा.

४०४ आलं, तर त्या पत्त्यावर फाइल नाही. आधी स्पेलिंग तपासा. आपल्या मराठीत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही. विंडोजही सहसा ती मानत नाही, लिनक्स मात्र काटेकोर! आमच्या कॅमेऱ्याने नावाच्या शेवटी कॅपिटल ‘जेपीजी’ दिलं होतं, पानात ते स्मॉल लिहिलेलं. उपाय सोपा: फाइलची नावं आणि पानातले पत्ते, सगळं स्मॉलमध्ये करा. फोल्डरच्या नावांमधली उलटी तिरकी रेघही सरळ बाजूची करून घ्या.

४०३ आलं, तर फाइल बहुधा आहे, पण वाचायची परवानगी नाही. साधारणपणे फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ परमिशन पुरते.

उत्तर २०० येऊनही फोटो फुटका दिसला, तर मूळ फाइलशी साइज ताडून बघा. एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये पाठवलेला फोटो बिघडू शकतो. बायनरी मोडमध्ये परत पाठवा.

एवढं केल्यावर सगळे फोटो दिसले आणि आम्ही चहाला निघालो. तेवढ्यात एका सिनियरने जुन्या मशीनची नेटवर्क केबल काढली, ब्राउझरचा कॅश रिकामा करून पान पुन्हा उघडलं, आणि अक्षता सोहळ्याचे फोटो गायब! पानात जुन्या मशीनचाच पूर्ण पत्ता होता. इतका वेळ ते फोटो तिथूनच येत होते.

तेव्हा लक्षात ठेवा: आपल्या स्क्रीनवर दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. आधी कॉपी घ्या, मग जुनं मशीन नेटवर्कवरून काढून साइट तपासा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी!