दरीतली थंडी, डोहाचे पाणी आणि सिकलसेल

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरली, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, की मुलामुलींचे फिरण्याचे बेत सुरू होतात. पूर्वी चिखलदरा किंवा पचमढीवर भागत असे. आता सांदण दरीचे नाव घरोघरी ऐकू येते. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी ही अरुंद घळ आहे. धम्मगिरीमुळे ओळखीच्या झालेल्या इगतपुरीला उतरायचे आणि घोटी, भंडारदरामार्गे गाडीने जायचे. पावसाळ्यात तिथे पाण्याचा लोंढा असतो, त्यामुळे खरी गर्दी नोव्हेंबरनंतरच.

नागपूरकराला थंडीची धास्ती नसते. वास्तविक २९ डिसेंबर २०१८ रोजी आपल्याच शहरात पारा ३.५ अंशांवर आला होता. पण त्या रात्री आपण गोधडीत होतो, दरीत नव्हतो. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साचते. म्हणून तंबू तळात किंवा ओढ्याच्या पात्रात न लावता थोड्या उंचवट्यावर, आडोशाला लावावा. सांदणच्या उभ्या कड्यांमध्ये ऊन जेमतेम पोचते आणि वाटेत पाण्याचे डोह लागतात. काही वेळा कमरेपर्यंतच्या पाण्यातून जावे लागते. खरी गोम इथेच आहे. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते.

जीन्स आणि सुती टी-शर्ट एकदा भिजले की वाळत नाहीत आणि ऊबही देत नाहीत. अंगालगत लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर लोकरीचा स्वेटर, वरून वारा अडवणारे जाकीट घ्यावे. महागडे काही लागत नाही. हिवाळ्यात तिबेटी लोक शहरात स्वेटर विकायला येतात, त्यांच्याकडचा चालतो. चढताना घाम येण्याआधी स्वेटर काढावा, थांबल्यावर लगेच घालावा. कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, तो फक्त झोपताना घालायचा. अंगावर चार पांघरुणे आणि खाली नुसती सतरंजी, ही चूक बहुतेक जण करतात. जमीनच सगळी ऊब खाते, म्हणून खाली जाड मॅट हवी.

आता आपल्या घरांतली गोष्ट. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजातही बराच आहे. एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, पाणी कमी प्यायल्याने रक्त दाटते, त्यात चढणीचे श्रम. मग बारीक वाहिन्या तुंबतात आणि हाडे, पोट, छाती असह्य दुखू लागते. अशा मुलाने थंड डोहात उतरूच नये. साधी सहलही डॉक्टरांना विचारून करावी, हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर एकही दिवस चुकवू नये. एएस म्हणजे वाहक. तो सहसा निरोगी असतो, त्याला घरात कोंडून ठेवण्याचे कारण नाही. पण पाणी न पिता जिद्दीने धावत चढणे त्यालाही बाधू शकते. थंडीत तहान लागत नाही, म्हणून ठरवून घोट घोट पीत राहावे.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तिचे कार्ड मैत्रिणींपासून लपवले होते. लग्नाच्या वेळी बोभाटा होईल, ही घरच्यांची भीती. रात्री तिच्या मांड्या दुखू लागल्या, तेव्हा सगळ्यांनी चालून दुखत असेल म्हणून मालिश केली. दवाखान्यात पोचायला सकाळ झाली. ती वाचली, पण त्या रात्रीचा उशीर टाळता आला असता. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. जाण्यापूर्वी करून घ्या आणि गटातल्या निदान एकाला सांगा. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागली तर सकाळची वाट पाहू नये.

सिकलसेल नसलेल्यांनाही थंडी मारते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटांना चेन लावता येत नाही, बोलणे अडखळते, माणूस चिडतो किंवा गप्प बसतो. हुडहुडी थांबली आणि तरी माणूस सुस्तच असेल, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे, फार वाईट लक्षण आहे. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, छाती-पोट आधी गुंडाळावे, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, त्याला चालवू नये. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीकडे रक्त धावते आणि आतली उष्णता बाहेर जाते. पाचवे शील पाळणाऱ्याला हे सांगायला नको, पण सोबतचे मित्र बाटली पुढे करतात.

तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.

१०८ ला फोन लावायचा तर रेंज हवी, आणि दरीत ती मिळेलच असे नाही. म्हणून साम्रदमधला वाटाड्या सोबत घ्यावा आणि परतण्याची वेळ घरी व गावात सांगून निघावे. सिकलसेलचे कार्ड सॅकच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा.