हवामानाचा संदेश आणि भाताचे वरखत

उत्रोली व भोर तालुक्यातील इतर गावांत खरिपात भाताचे पीक घेतात. भाताला युरिया दिल्यावर लगेच मुसळधार पाऊस झाल्यास नत्र पाण्याबरोबर वाहून जाते आणि खर्च वाया जातो. ही हानी टाळण्यास मोबाईलचा उपयोग करावा. हवामान विभाग व भारतीय कृषी संशोधन परिषद यांचे ‘मेघदूत’ ॲप २०१९ साली सुरू झाले. त्यावर पावसाचा अंदाज व पीकसल्ला मराठीतून मिळतो. जोराच्या पावसाचा अंदाज असल्यास वरखत पुढे ढकलावे. पाऊस ओसरल्यावर खाचरातील जादा पाणी काढून, फुटलेले बांध दुरुस्त करून मगच युरिया द्यावा. अंदाज मोठ्या टापूचा असतो. म्हणून आपले आभाळही पाहावे. डोंगराआडच्या ज्या वाड्यांत रेंज मिळत नाही, तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संदेश फलकावर लिहावा. वेळेवर पोहोचलेला संदेशच पिकाच्या उपयोगी पडतो.