मुतखडा : मोठ्या छेदाविना उपचार

मुतखड्याचा विकार माणसाला प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ची लक्षणे आणि तीवरील शस्त्रकर्म यांचे सविस्तर वर्णन आढळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मूत्रपिंडातील मोठा खडा काढावयाचा म्हणजे कुशीवर लांब छेद घेणे आणि रुग्णाने कित्येक आठवडे कामावाचून राहणे अपरिहार्य होते. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबास हा भार पेलत नसे. परिणामी दुखणे अंगावर काढले जाई. आता ही स्थिती पालटली आहे.

खडा कसा होतो?

मूत्रात विरघळलेली द्रव्ये प्रमाणाबाहेर वाढली, की त्यांचे स्फटिक बनतात व खडा आकार घेतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सर्वाधिक आढळतात. उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या शरीरातील पाणी घामावाटे जाते, मूत्र दाट होते आणि खड्यास पोषक स्थिती निर्माण होते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात.

उपचाराच्या तीन पद्धती

पहिली पद्धत आघाततरंगांची. शरीराबाहेरून सोडलेले तरंग खड्यावर केंद्रित केले जातात. खड्याचा चुरा होतो व तो मूत्रावाटे बाहेर पडतो. १९८० साली पश्चिम जर्मनीतील म्युनिक येथे रुग्णावर हा उपचार प्रथम करण्यात आला. गर्भवती स्त्रियांना मात्र तो देत नाहीत.

दुसऱ्या पद्धतीत मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण मूत्रवाहिनीपर्यंत नेतात आणि लेसर किरणांनी खडा फोडतात. यात कोठेही छेद घ्यावा लागत नाही.

तिसरी पद्धत सामान्यतः २ सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी वापरतात. पाठीवर सुमारे १ सेंटिमीटरचे छिद्र करून दुर्बीण थेट मूत्रपिंडात नेली जाते व खडा फोडून काढला जातो. स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहानसन यांनी १९७६ साली या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

कोणती पद्धत योग्य, हे खड्याचा आकार, जागा व कठीणपणा पाहून तज्ज्ञ ठरवितात.

दुर्लक्ष नको

कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे समजणे घातक ठरते. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा वेदना न देताही मूत्र तुंबवितो आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते. म्हणून खडा पडल्याची खात्री तपासणीनेच करून घ्यावी. कळेसोबत थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी तुंबलेल्या मूत्रास आधी वाट करून देणे आवश्यक असते; खडा नंतर काढता येतो.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत कधी कधी तात्पुरती नळी ठेवतात. ती ठरलेल्या मुदतीत काढून घेतलीच पाहिजे. विसरलेल्या नळीवर नवे खडे जमतात.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

खडा निघाला तरी तो होण्याची प्रवृत्ती जात नाही. दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. आहारात मीठ कमी असावे. दूध सोडण्याचा प्रघात मात्र चुकीचा आहे. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते व खड्याचा संभव कमी करते. निघालेला खडा तपासून घेतल्यास पथ्य नेमके ठरविता येते. छेद लहान झाला, तरी ही दक्षता रुग्णास जन्मभर पाळावीच लागते.