ऊन फुकट, मग वीज विकत का?

प्रश्न : सौर वीज कोळशाच्या विजेहून स्वस्त झाली, असं सारखं वाचतो. उन्हाचे तर पैसेही पडत नाहीत. मग माझं बिल का उतरत नाही? – एक वाचक, जत

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. राष्ट्रीय सौर अभियानाच्या 2010 सालच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला 10 रुपये 95 पैशांची होती. डिसेंबर 2020मध्ये गुजरातच्या लिलावात ती 1 रुपया 99 पैशांपर्यंत घसरली. नंतर दर पुन्हा थोडे चढले, पण दहाच्या घरात काही परतले नाहीत.

कोळशाच्या केंद्राला रोजचा शिधा लागतो. एका युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राला तो शेकडो किलोमीटर रेल्वेने आणावा लागतो. तो महागला की तुमच्या बिलावर ‘इंधन समायोजन आकार’ अशी ओळ उगवते. सूर्याच्या नावाने अशी ओळ कधी येणार नाही.

सौर प्रकल्पाचा खर्च मात्र पहिल्याच दिवशी उभा राहतो, आणि तोही बहुतेक कर्जाने. समजा, एक मेगावॉटला 4 कोटी लागले, सगळे कर्जाऊ, आणि वर्षाला 16 लाख युनिटं निघाली. व्याज 9 टक्के असेल तर पहिल्या वर्षी युनिटमागे सव्वादोन रुपये नुसतं व्याजच. 12 टक्के झालं तर तीन रुपये. ऊन तेच, पॅनेल तीच! सौर विजेचा कोळसा म्हणजे व्याज, असं मी म्हणतो ते यामुळेच.

आता तुमचं बिल. स्वस्त वीज येते भर दुपारी आणि तुम्ही दिवे, टीव्ही, पंखे लावता दिवेलागणीनंतर. दुपारची वीज रात्रीसाठी राखायची तर बॅटरी हवी, नाहीतर घाटघरसारखी सोय. 2008पासून चालू असलेल्या तिथल्या 250 मेगावॉटच्या प्रकल्पात खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढतात. अशा खटाटोपात चार युनिटं घालावी तेव्हा जेमतेम तीन हाती येतात, शिवाय धरणांचा खर्च वेगळाच. अशी साठवण पुरेशी होईपर्यंत रात्रीसाठी कोळशाची केंद्रं सज्ज ठेवावी लागतात. करार झालेलं केंद्र दुपारी मंद चाललं, तरी त्याचे ठरलेले पैसे चुकत नाहीत. त्यात वहन आकार, स्थिर आकार आहेतच. लिलावातला दर प्रकल्पाच्या दारातला असतो, तुमच्या दारातला नव्हे.

शेतीपंपाचं गणित मात्र वेगळं आहे. पिकाला पाणी दुपारी दिलं तरी चालतं, म्हणून शेतीच्या वीजवाहिनीवर (फीडरवर) गावाजवळच सौर प्रकल्प जोडण्याची योजना राज्यात राबवली जाते. राळेगणसिद्धीला तिचा सुरुवातीचा प्रयोग झाला. तिथे साठवणुकीचा खर्च जवळपास उरतच नाही आणि बिबट्याच्या, सापाच्या भीतीने विजेरी घेऊन रात्री मोटर चालू करायला जाणंही टळतं. घरीही हीच युक्ती चालते: तुमच्या छपरावर पॅनेल बसली, तर धुणं आणि पाण्याची मोटर दुपारी उरकून घ्या.